गंज, गाऱ्हाणं आणि गोडं पाणी: प्रलयानंतरचं कोकण रचताना

माझ्या पहिल्या प्रलयोत्तर कथेचा नायक कातडी जाकीट घालून, डोळ्यांवर गॉगल चढवून, जोडजाड केलेल्या मोटरसायकलवरून धुरळा उडवत चिपळूणकडे निघाला होता. महिना आषाढ. चुलत बहिणीने दोन पानं वाचली आणि विचारलं, "आषाढात धुरळा? आणि ह्या जाकिटाला बुरशी नाही आली?" ती कथा तिथेच संपली.

धुरळा, वाळवंट, तडकलेली जमीन हे दुसऱ्या कुठल्या तरी देशाचं संकट आहे. आपल्याकडे जग संपलं तर ते हिरवं होऊन संपेल. पहिल्या पावसात पायवाट बुजेल, दुसऱ्यात अंगण. पाच-सात पावसांत रानमोडी ओटीपर्यंत येईल, वेली कौलांवर चढतील, आणि ज्या घराला वापर नाही त्याचे वासे वाळवी खाईल. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यासाठी हा लेख. ज्यांनी आजवर एकही काल्पनिक जग रचलेलं नाही, पण जादू आणि जुन्या यंत्रांचं भंगार एकाच गोष्टीत आणायची इच्छा आहे, त्यांनी एक वही घ्यावी आणि तिथी दिसणारं एखादं जुनं कॅलेंडर. ते कॅलेंडर शेवटी लागेल.

पहिली पायरी: एकच खाडी घ्या

पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा नकाशा भिंतीला लावून त्यात राज्यं रंगवणारे मी बरेच पाहिलेत. त्यांची गोष्ट नकाशातच राहते. त्यापेक्षा एक खाडी घ्या. होडीतून एका ओहोटीत जेवढं पाहून होईल तेवढं जग सुरुवातीला पुरे.

मी वाशिष्ठी घेतली. वर सह्याद्रीच्या पायथ्याशी पोफळी, मध्ये चिपळूण, तोंडाशी एका काठाला दाभोळ आणि समोर अंजनवेलचा गोपाळगड. वाटेत कांदळवन, मगरी, कोकण रेल्वेचा पूल, जवळच लोट्याची कारखान्यांची वसाहत, खाली दाभोळचा वीजप्रकल्प आणि दाभोळ-धोपावे फेरीबोट. भंगाराला तोटा नाही.

आता नकाशावर पाणी कुठून येतं ते लिहा. हा प्रश्न कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या जगाचा कणा त्यातूनच निघाला. उन्हाळ्यात वाशिष्ठीत जे पाणी दिसतं ते बरंचसं तिचं स्वतःचं नसतं. घाटमाथ्यापलीकडे कोयनेवर धरण आहे. त्या जलाशयातलं पाणी बोगद्यांतून अल्याड आणून पोफळी-अलोऱ्याच्या बाजूच्या वीजगृहांवर सोडतात. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉटचा हा प्रकल्प. वीज करून झाल्यावरचं पाणी, म्हणजे अवजल, वाशिष्ठीत येतं.

तुमच्या कथेत वीजगृहं थांबली, की अवजलही थांबलं. मे महिन्यात चिपळूणपाशी नदीत गोडं पाणी जेमतेम उरेल आणि भरतीचं खारं पाणी धरणाआधीच्या काळासारखं वर चढेल. धरण शाबूत धरलं, तर घाटावर मात्र दर पावसाळ्यात जलाशय भरेल आणि सांडव्यावरून कोयनेत, पुढे कृष्णेत वाहत राहील. वर पाणी, खाली तहान. एका बंद पडलेल्या टर्बाइनमुळे मला घाटावरचे आणि खाडीवरचे असे दोन पक्ष मिळाले, त्यांच्यातलं वैर मिळालं आणि मध्ये काळोखा बोगदा मिळाला, ज्यातून कोणीतरी कधीतरी चालत जाणार हे उघड आहे. शिवाय ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. धरण तेव्हा टिकलं, पण जमीन हलली की खालच्या गावांनी वर डोंगराकडे बघायचं, ही सवय मी माझ्या पात्रांना देऊन टाकली.

तुमची खाडी वेगळी असेल तर तिचा असा एक सांधा शोधा, जो निखळला की सगळंच बदलतं. राजापूरकडे गेलात तर उन्हाळे गावचे गरम पाण्याचे झरे आहेत आणि आपल्या मर्जीने प्रकटणारी गंगा आहे. मालवणात भर समुद्रात सिंधुदुर्गावर गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. सगळ्या किनाऱ्यावर विहिरी खारट झाल्या आणि त्या तीनच गोड्या राहिल्या, तर किल्ला कोणाच्या ताब्यात असेल यावरच एक कादंबरी होते.

दुसरी पायरी: काय बुडालं आणि किती वर्षं झाली

प्रलय हा नवख्यांचा लाडका भाग, आणि वाचकाला त्याचं फारसं काही नसतं. दोन ओळींत उरका. वर्षं मात्र आज्या मोजून ठरवा. मी ७० घेतली. म्हणजे तेव्हा सात वर्षांची असलेली मुलगी आता सत्त्याहत्तरची आजी आहे. तिला लिफ्ट आठवते, पण माणसं जिना सोडून त्या पेटीत का शिरत होती ते तिला सांगता येत नाही. दीडशे वर्षं घेतलीत तर प्रत्यक्ष आठवण संपून नुसत्या दंतकथा उरतात. तेही छान, पण मग पाखाडीवरच्या म्हातारीला विचारायला जाणारा नायक तुम्हाला मिळणार नाही.

पहिला महिना कसा असतो याचा नमुना आपण पाहिलेला आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. त्यानंतर दापोली-मंडणगडाकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. लोकांना आधी आठवण झाली ती टीव्हीची नाही, विहिरीवरच्या पंपाची. राहाट केव्हाच मोडीत गेलेला. ज्याच्याकडे जनरेटर, त्याच्या अंगणात मोबाइल चार्जिंगला रांग. हे सगळं वहीत टिपा. सत्ता कोणाकडे जाते ते त्या रांगेत दिसतं.

तिसरी पायरी: भंगाराची यादी

इथे घाई करू नका. प्रत्येक वस्तूपुढे एकच गोष्ट लिहा: खाऱ्या हवेत ती किती टिकते. बऱ्याच कथा इथेच फसतात. सत्तर वर्षांनी नायक पंपावर जातो, पेट्रोल भरतो आणि निघतो. पेट्रोल वर्षभरात नासायला लागतं. डिझेल थोडं जास्त काढेल, पण दशकं नाही. गाडीची बॅटरी पाचेक वर्षांची सोबतीण. मोबाइलचे टॉवर तर त्यांच्या बॅटऱ्या आणि जनरेटरचं डिझेल संपेपर्यंतच बोलतील, मग रिकामा मनोरा. त्यावर घारी घरटं करतील.

सिमेंटची घरं आधी पडतील आणि जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची उभी राहतील, हे नवख्यांना उलटं वाटतं. खारी हवा काँक्रीटच्या आतल्या सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि स्लॅबला आतून फोडते. जांभ्याच्या भिंतीत गंजायला काही नसतं. त्यामुळे माझ्या जगात नवे बंगले म्हणजे धोका, तिथे मुलांना जाऊ देत नाहीत. आणि पणजोबांच्या पडक्या घराचं जोतं म्हणजे इस्टेट.

टिकणारं बरंच आहे. स्टीलची भांडी, काच, पितळी समया, तांब्याची तार, लाउडस्पीकरमधलं लोहचुंबक, नायलॉनची जाळी, निळी प्लॅस्टिकची पिंपं. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून लोहार आजही कोयते घडवतात, उद्याही घडवतील. एका ट्रकमध्ये किती कोयते दडलेत याचा हिशेब माझ्या कथेतल्या लोहाराला तोंडपाठ आहे. सौर पॅनेल २५ वर्षांनी साधारण ८० टक्के क्षमतेवर असतं. सत्तर वर्षांनी खाऱ्या हवेने त्याचे जोड खाल्लेले असतील, पण शंभरातलं एखादं दुपारी बारा वाजता थोडी वीज देत असेल. मात्र ती साठवायला बॅटरी नाही. म्हणून माझ्या जगात वीज ही भर दुपारची गोष्ट आहे. रात्रीची वीज म्हणजे नक्की जादू, आणि वाचकाला हा फरक पहिल्या प्रकरणातच कळतो.

डिझेल इंजिन मात्र सोडू नका. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आपल्याकडे उंडीचं तेल आहे, पूर्वी दिव्यात जाळायचं आणि होड्यांना लावायचं ते. कडू, दाट, वासाचं. ते गरम करून पातळ करावं लागेल आणि इंजिन वारंवार तुंबेल, पण फट्-फट् करत चालेल. किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडांना पहारा बसला की समजा तुमच्या जगाला अर्थव्यवस्था आली.

कोकण रेल्वेचे बोगदे आहेतच, नव्वदहून जास्त. त्यातला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. गटारं तुंबल्यावर त्यात पाणी साठेल, वटवाघळं राहतील. पण बोगद्यात पाऊस लागत नाही, हे विसरू नका. पावसाळ्यातले चार महिने बाजार कुठे भरत असेल?

चौथी पायरी: जादू, आणि तिचा खारेपणा

कोकणात जादूचं दार किलकिलं केलं की गिऱ्हा, चकवा, मुंजा, हडळ, देवचार सगळेच आत घुसतात. सगळ्यांना ठेवून घेण्याचा मोह होतो. आवरा. एकच घ्या आणि त्याला नियमात बांधा.

मी राखणदार घेतला. गावाला शीव असते, शिवेवर गाव राखणारा, डोळ्यांना न दिसणारा राखणदार असतो, त्याला वर्षाची राखण द्यायची, नारळाची किंवा कोंबड्याची. हा शब्द मला फार उपयोगी पडला, कारण रखवाली आणि रखवालीचं देणं ह्या दोन्हींना आपण राखणच म्हणतो. आणि यंत्राला काय वेगळं लागतं? ग्रीस, तेल, फडकं, पावसाळ्यात झाकण. तेही कोणीतरी नेमाने द्यावं लागतं, नाहीतर कोप होतो. जादू आणि भंगार एकमेकांना चिकटवायचा डिंक मला इथे सापडला: माझ्या जगात मेलेलं यंत्र जागं करायचं तर राखणदाराशी करार करावा लागतो.

कराराच्या अटी तीन. एक, यंत्र त्या गावच्या शिवेतच चालेल. शीव ओलांडली की ते लोखंड. दोन, गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडायचं मागणं, सगळ्या गावासमोर घालायचं, गुपचूप नाही. तीन, जेवढा उजेड घ्याल तेवढी गावातली कुठलीतरी एक विहीर खारट होईल.

तिसऱ्या अटीवर मी महिनाभर अडलो होतो. आधी किंमत म्हणून आयुष्य, रक्त, आठवणी असलं सगळं लिहून पाहिलं. ते कुठल्याही जगात चाललं असतं, म्हणून खोडलं. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन उतरतात, कारण सच्छिद्र जांभ्यातून पाणी झरून निघून जातं. इथे सर्वांत महाग वस्तू म्हणजे वैशाखातली गोडी विहीर. तेव्हा किंमत तीच. आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, ज्याच्यावर सगळी गोष्ट उभी राहते: खारट कोणाची विहीर होणार, आणि ते कोण ठरवणार? वरच्या वाडीला उजेड आणि खालच्या वाडीची विहीर खारट, असं झालं तर? तुमच्या जादूला किंमत ठरवताना ती किंमत दुसऱ्याच्या माथी मारता येईल अशी ठेवा. मग खलनायक शोधत बसावं लागत नाही.

गाऱ्हाण्याची भाषा आयती आहे, फक्त विषय बदला. माझ्याकडे एका इन्व्हर्टरसाठी घातलेलं गाऱ्हाणं असं सुरू होतं: "बा म्हाराजा, ह्यो जो डबा आज तुज्या पायाशी आणलाय, त्याला उजेड फुटू दे रं म्हाराजा!" गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा!" "कुणाच्या विहिरीचं पाणी उतरलं, कुणाचं तोंड खारट झालं, तर ती चूक पोटात घाल रं म्हाराजा!" इथे "व्हय" म्हणताना एक आवाज कमी पडतो. तो कोणाचा, हे मी पुढच्या प्रकरणात सांगतो.

कातळशिल्पं वापरायची असतील तर जपून. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळपठारांवरची ही खोदचित्रं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. देवाचे गोठणे इथल्या सड्यावर होकायंत्राची सुई भरकटते, हे खरंच आहे. एवढी आयती जागा समोर आली की माणूस लगेच परग्रहवासी उतरवतो. मी ती चित्रं जुन्या कर्जाची वही मानली. कोणीतरी फार पूर्वी राखणदाराकडून काही उसनं घेतलं होतं, आणि हत्ती, मासे, माणसं ही त्याची नोंद. फेडलं की नाही, ते दगड सांगत नाही.

आणि गावपळण. मालवण तालुक्यात आचऱ्याला ठरावीक वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळा गाव गुरं-कोंबड्यांसकट शिवेबाहेर जातो, तीन दिवस तीन रात्री झोपड्यांत राहतो आणि परततो. प्रलयकथा लिहिणाऱ्याला याहून काय हवं? माझ्या जगात गावपळण झाली की सगळी यंत्रं थंड होतात आणि तीन दिवसांत विहिरी पुन्हा गोड्या होतात. अट एकच, एकही माणूस मागे राहता कामा नये. अर्थात कोणीतरी मागे राहतंच.

एक पथ्य पाळा. खऱ्या गावच्या खऱ्या देवाच्या नावावर आपले चमत्कार खपवू नका. प्रथा घ्या, नाव नवं द्या. त्या देवळात उद्या कोणाचा तरी नवस फेडायचा असतो.

पाचवी पायरी: माणसं

मुंबई गेली. कोकणाच्या दृष्टीने प्रलय म्हणजे खरं तर एवढंच. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या घरांची चूल मनीऑर्डरवर पेटली. ती थांबली, आणि जे चाकरमानी वाचले ते महामार्गाने चालत गावी आले, कुलूपबंद घरं उघडायला. आता एका घरावर सातबाऱ्यात चाळीस नावं आणि दारात चाळीस माणसं. प्रलयानंतरची पहिली लढाई भाऊबंदकीची असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जे आले नाहीत त्यांच्यासाठी माझ्या गावात गणपतीच्या दिवशी एक पान वाढून ठेवतात. सत्तर वर्षांनीही. नाव कोणाचं घ्यायचं ते कोणालाच आठवत नाही, तरी वाढतात.

पोटाचं बघा. खाडीवर मीठ, सुकी मासळी, आमसुलं, नारळ. घाटावर गूळ, ज्वारी, कांदा, मिरची. कुंभार्ली घाट हा तुमचा व्यापारी मार्ग, आणि वर सांगितलेलं पाण्याचं वैर त्याच वाटेवर. शिमग्याला पालखीला खांदा कोणाचा, गाऱ्हाणं घालायचा मान कोणाचा, हेही ठरवा. जग बुडालं म्हणून जात बुडाली असं गृहीत धरणारी कथा मला खोटी वाटते. जुने मानकरी आणि नवे, म्हणजे ज्यांच्या घरात पॅनेल दुरुस्त करता येतं ते, यांच्यातली ओढाताण लिहा.

सहावी पायरी: शब्द झिजवा

ही पायरी छोटी आणि सर्वांत मजेची. सत्तर वर्षांत शब्दांचं काय होईल? लाईनमनचा "लायमन" होईल आणि ते पुजाऱ्याचं पद असेल. अंगात आलं की लोक म्हणतील, "त्याला रेंज आली." म्हातारी आशीर्वाद देताना "चार्जिंग राहो" म्हणेल. पोर जन्मलं की आतून सुईण ओरडेल, "लाईट आली!" असे दहा शब्द पुरेत. पन्नास केलेत तर शब्दकोश द्यावा लागेल, आणि तो कोणी वाचत नाही.

सातवी पायरी: एका तिथीवर जग तपासा

आता ते कॅलेंडर. घड्याळं बंद आहेत, पण चंद्र चालू आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते: अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. तुमच्या जगाचं हे घड्याळ.

एक तिथी घ्या. मी वैशाख वद्य अष्टमी घेतो. पहाटे सहाला भरती भरत आलीय, भांगाची, फार उंच नाही. एक बाई घागर घेऊन निघते. ती कुठल्या विहिरीवर जाईल, वाटेत कोणाचं अंगण लागतं, दोर कशाचा आहे, घागर प्लॅस्टिकची की पितळेची, कोण तिला आधी भरू देतं, दुपारी बारा वाजता तिच्या घरात काही चालू होतं का, संध्याकाळी दिव्यात कुठलं तेल? वहीत न बघता उत्तरं आली तर जग तयार आहे. अडखळलात तर ती पायरी पुन्हा करा. मी भांड्यांवर अडखळलो होतो, कारण कल्हई कोण लावतं ते ठरवलंच नव्हतं.

मग तिला घागर वर ओढू द्या आणि ओंजळभर पाणी तोंडात घेऊ द्या. रात्री गावात कोणीतरी गाऱ्हाण्याशिवाय दिवा लावलाय, हे तिला त्या घोटात कळतं. तिथून लिहायला लागा.